मालदीवला जाताय? शार्कपेक्षा पाण्याच्या ओढीची धास्ती बाळगा

प्रश्न: मे महिन्याच्या शेवटी आम्ही चौघं मालदीवला जायचं म्हणतोय. मी, पत्नी, 9 वर्षांची मुलगी आणि 67 वर्षांची आई. रिसॉर्ट परवडत नाही, म्हणून माफुशी बेटावर गेस्ट हाउसमध्ये 5 रात्री राहणार आहोत. मी लहानपणापासून कृष्णेत पोहतो, आयर्विन पुलापाशी पूर नसताना नदी आरपार केली आहे. पत्नीला अजिबात पोहता येत नाही, मुलगी उन्हाळी वर्गात तलावात शिकली आहे. आईला मधुमेह आणि रक्तदाब आहे, रात्री इन्सुलिन घेते, शाकाहारी आहे. नातेवाईक शार्क आणि त्सुनामीच्या गोष्टी सांगून घाबरवताहेत आणि पत्नी आता बेत रद्द करा म्हणते. खरे धोके कोणते आणि काय काळजी घ्यायची?
— एक वाचक, सांगली

उत्तर: बेत रद्द करू नका, पण घरात ज्याची भीती बसली आहे ती बदला. शार्कची भीती काढून टाका. तिच्या जागी पाण्याची ओढ, स्पीडबोटीचा दणका आणि आईंच्या औषधांची आबाळ हे तीन धोके ठेवा. मालदीवमध्ये पर्यटक दगावतात ते बहुतेक पाण्यात, आणि तेही शांत, स्वच्छ, काचेसारख्या पाण्यात. राग मानू नका, पण तुमच्या पत्रातलं सगळ्यात काळजीचं वाक्य आयर्विन पुलाचं आहे.

नदीत पोहणाऱ्याची सवय अशी असते की ओढ लागली तर अंग सैल सोडायचं, वाहत थोडं खाली जायचं आणि काठ गाठायचा. नदीला दोन काठ असतात. मालदीवच्या दोन बेटांमधल्या खोल वाटेला तिथले लोक कंदू म्हणतात. भरती-ओहोटीबरोबर समुद्राचं पाणी या कंदूतून आतबाहेर करतं, आणि त्यात सापडलेल्याला काठ म्हणून काही नसतं. त्यात तुमचा महिना पाहा. मे अखेरीस नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झालेले असतात, तेव्हा प्रवाहाचा कल बहुतेक पश्चिमेकडून पूर्वेकडे असतो. माफुशी हे दक्षिण माले प्रवाळवलयाच्या, म्हणजे प्रवाळबेटांच्या कड्याच्या, पूर्व कडेवरचं बेट आहे. म्हणजे त्या दिवसांत तिथल्या कंदूतली ओढ बऱ्याचदा उघड्या समुद्राकडे असते. ती जोरात असली की ताशी 4-5 किलोमीटरनं पाणी पळतं. चांगला पोहणारा माणूस ताशी 3 किलोमीटरच्या आसपास जातो. हिशेब तिथेच संपतो, दंडातली ताकद कामाला येत नाही.

म्हणून जागा रंगावरून निवडायची. किनाऱ्यालगत पांढरट-हिरवं पाणी दिसतं, तिथे खाली वाळू असते आणि कमरेएवढ्या पाण्यात ठाव लागतो. पुढे तपकिरी ठिपके दिसू लागतात, ते प्रवाळ. त्यांच्या पलीकडे एकदम गडद निळा रंग सुरू होतो. ती प्रवाळभिंतीची कडा. एका पावलावर ठाव आणि दुसऱ्या पावलावर 20-30 मीटर खोली, असं तिथे सहज असतं. मासे सगळ्यात सुंदर त्या कडेलाच दिसतात, त्यामुळे माणूस खाली बघत बघत कधी पलीकडे गेला हे त्याला कळतही नाही. मुलगी आणि पत्नी यांच्यासाठी नियम एकच: ठाव लागतो तिथपर्यंतच. तुम्हाला कडेपर्यंत जायचं असेल तर एकट्यानं नाही, स्थानिक गाइड बरोबर घेऊन जा.

पोहत पुढे जाण्यापूर्वी एक मिनिट खर्च करा. पाण्यात एखादा बांधलेला बोया (तरंगती खूण) किंवा तळाचा ठळक दगड हेरा, त्याच्यापाशी हातपाय न हलवता तरंगत राहा आणि मनात साठपर्यंत मोजा. तेवढ्यात दोन-तीन हातांहून जास्त सरकलात तर त्या जागी, त्या वेळी पुढे जायचं नाही. सरकणं थोडंच असेल तर आधी ओढीच्या विरुद्ध दिशेनं जा म्हणजे दमल्यावर परतताना पाणीच तुम्हाला आणून सोडेल. लोक नेमकं उलटं करतात: जाताना मजेत वाहत जातात आणि परतीला दम संपतो.

तरीही ओढीत सापडलातच तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका. पाठीवर व्हा, श्वास ताब्यात आणा, मग ओढीला आडवं, जवळच्या प्रवाळाच्या उथळ भागाकडे सावकाश पोहा. ते जमेना तर तरंगत राहा आणि एक हात सरळ वर धरा. गळ्यात शिट्टी अडकवलेली असू द्या. इंजिनाच्या आवाजात हाक पोचत नाही, पण शिट्टीचा आवाज पुष्कळ लांब जातो. बोटवाल्याला पाण्यातलं डोकं लांबून नारळासारखं दिसतं, म्हणून स्नॉर्केलिंगचे (तोंड पाण्यात घालून, नळीतून श्वास घेत मासे बघण्याचे) कपडे भडक नारिंगी किंवा पोपटी घ्या, निळे-काळे नकोत.

स्नॉर्केलिंगबद्दल आणखी थोडं, कारण ते खेळासारखं वाटतं आणि बेसावध करतं. तोंड पाण्यात घालून स्थिर तरंगणारा माणूस मासे बघतोय की शुद्ध हरपून पडलाय, हे काठावरून ओळखता येत नाही. बुडणारा माणूस सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. त्याला श्वासच घेता येत नसतो, मग हाक कुठून मारणार? म्हणून पाण्यात कायम जोडी हवी, हाताच्या अंतरावर, आणि दर दोन-तीन मिनिटांनी एकमेकांना खूण करायची. मुलगी पाण्यात असताना बघणाऱ्यानं फक्त बघायचं. मोबाइल नाही, फोटो नाही. ‘आपण सगळे आहोत ना’ असं असतं तेव्हा कोणाचंच लक्ष नसतं. तुम्ही आणि पत्नी वीस-वीस मिनिटांची पाळी लावून घ्या आणि पाळी बदलताना तोंडानं तसं सांगा.

नळीतून श्वास ओढायला रोजच्यापेक्षा जास्त जोर लागतो. अरुंद नळी, झडपा असलेली नळी, दमलेलं शरीर आणि कमकुवत हृदय एकत्र आलं की छातीत उलटा दाब तयार होऊन फुप्फुसात पाणी झिरपू शकतं. नाकातोंडात समुद्राचं पाणी न जाताही माणूस बेशुद्ध होऊ शकतो. हवाई बेटांवरच्या मृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांनी याकडे लक्ष वेधलं आहे. त्यामुळे रक्तदाबाच्या आईंनी स्नॉर्केलिंग करूच नये, हे स्पष्ट सांगतो. तुम्हीही साधी, रुंद, झडपा नसलेली नळी घ्या. सगळा चेहरा झाकणारा मास्क भाड्यानं मिळाला तरी नको. साध्या नळीत पाणी शिरलं तर ती थुंकून टाकता येते. तो मास्क पट्ट्यांसकट ओढून काढावा लागतो आणि घाबरलेल्या माणसाला ते जमत नाही. विनाकारण धाप लागली किंवा हातपाय जड झाले की लगेच पाठीवर व्हा, नळी काढा आणि बाहेर या.

लाइफ जॅकेट मुलीच्या मापाचं आहे का, हे जेट्टीवरच तपासा. सगळी बकलं लावा, जॅकेट दोन्ही खांद्यांपाशी धरून वर उचला. ते तिच्या कानांपर्यंत सरकलं तर पाण्यात ते वर राहील आणि मुलगी खाली जाईल. दोन पायांमधून जाणारा पट्टा असेल तर उत्तम. पत्नीलाही जॅकेटच, हवा भरायची रिंग किंवा गादी नको, ती ओढीनं आणि वाऱ्यानं दूर जाते. सहलीवाल्याला पैसे देण्यापूर्वी विचारा: एका गाइडमागे किती माणसं? आम्ही पाण्यात असताना बोट तिथेच थांबणार का? लहान मुलांची जॅकेटं किती आहेत? एका गाइडमागे पंधरा-वीस माणसं सोडणाऱ्या बोटीत, पोहता न येणारी बायको आणि लहान मूल घेऊन तुम्ही बसू नका. थोडे जास्त पैसे मोजून फक्त तुमच्यासाठी गाइड घ्या. पैसे वाचवायची जागा ही नाही.

आणि कोणी बुडू लागलं तर? आधी उडी मारू नका. तरंगणारं काहीही फेका, दोरी, जॅकेट, रिकामा कॅन. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारून खाली नेतो, आणि पोहता येणारे बाप असेच जातात. बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास चालू नसेल तर पोट दाबून किंवा उलटं धरून पाणी काढण्यात एक क्षणही घालवू नका. नाक चिमटीत धरून तोंडानं दोन दमदार श्वास द्या, मग छातीच्या मध्यावर 30 दाब, पुन्हा दोन श्वास, मदत येईपर्यंत. जाण्यापूर्वी सांगलीत या श्वास-दाबांचं, म्हणजे सीपीआरचं, एक दिवसाचं प्रशिक्षण दोघांनी घ्या. पाणी पिऊन सावरलेलं मूल नंतर सतत खोकत असेल, धापत असेल किंवा गुंगीत असेल तर रात्र काढू नका, आरोग्य केंद्रात न्या.

आता बोट. विमानतळापासून माफुशी साधारण 27 किलोमीटर, स्पीडबोटीनं 30 ते 45 मिनिटं. मे-जूनच्या लाटांवर बोटीचं नाक वर उचललं जातं आणि दाणकन खाली आपटतं. पुढे बसलेल्याचं ढुंगण बाकावरून सुटतं आणि तो सगळ्या वजनानिशी परत आदळतो. कमरेच्या वरचा मणका चेपला जाण्याच्या दुखापती अशाच होतात. साठीनंतरच्या ठिसूळ हाडांना तर एकच दणका पुरतो. आईंना मागच्या तिसऱ्या भागात, मधल्या बाकावर बसवा. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर घट्ट, खाली दुमडलेला टॉवेल. त्यासाठी जेट्टीवर 20 मिनिटं आधी पोचा आणि चढताना कप्तानाला ‘आई वयस्कर आहे, मागे जागा द्या’ असं सांगा, ते देतात. चढता-उतरताना बोट आणि धक्का यांच्यामध्ये हात-पाय जाऊ देऊ नका. हात कर्मचाऱ्याच्या हातात, सामान आधी पलीकडे.

विमान संध्याकाळनंतर उतरणार असेल तर त्या रात्री बोट पकडूच नका. विमानतळाला रस्त्यानं जोडलेल्या हुलहुमाले बेटावर दहा-पंधरा मिनिटांत जाता येतं, तिथे झोपा आणि सकाळी निघा. परतीला माफुशीहून अशी बोट घ्या की ती रद्द झाली तरी पुढची पकडून विमान मिळेल. शक्य असल्यास शेवटची रात्रही हुलहुमालेलाच काढा. सरकारी फेरी स्वस्त असते पण दीड-दोन तास लावते आणि शुक्रवारी बहुतेक मार्गांवर बंद असते. तिथलं हवामान खातं पांढरा, पिवळा, नारिंगी आणि लाल असे इशारे देतं. पिवळा किंवा त्याच्या वरचा इशारा आला की सहल पुढे ढकला, आगाऊ दिलेल्या पैशांचा मोह सोडा.

आईंची तयारी घरापासून सुरू होते. सगळी औषधं मुक्कामाच्या दुपटीनं घ्या आणि दोन हातबॅगांमध्ये वाटून ठेवा. विमानाच्या पोटात इन्सुलिन जाऊ द्यायचं नाही, तिथे ते गोठू शकतं. डॉक्टरांकडून इंग्रजीत पत्र घ्या, त्यात औषधांची मूळ नावं आणि मात्रा, ब्रँड नव्हे. मालदीवचे अमली पदार्थांचे कायदे कडक आहेत. ट्रॅमाडॉल, कोडीनसारखी वेदनाशामकं किंवा झोपेच्या गोळ्या असतील तर चिठ्ठी आणि मूळ वेष्टन हवंच. सुरू असलेलं इन्सुलिनचं पेन साधारणपणे 30 अंशांच्या आत चार आठवडे टिकतं, नेमकं तुमच्या पेनच्या पत्रकात बघा. तिथलं दुपारचं तापमान 30-31 असतं, म्हणून ते खोलीत ठेवायचं. पण गेस्ट हाउसमध्ये खोलीचं कार्ड काढलं की एसी बंद पडतो. तेव्हा छोटा फ्रिज मागून घ्या आणि पेन बर्फाच्या कप्प्यापासून दूर ठेवा. घड्याळ भारतापेक्षा अर्धाच तास मागे आहे, त्यामुळे औषधांच्या वेळा बदलायची गरज नाही.

जेवणात मात्र घोळ होतो. तिथल्या दिवेही भाषेत मस म्हणजे मासा. नाश्त्याला मिळणारं मस हुनी हे नारळ-कांदा-मिरचीत कालवलेलं ट्यूना असतं, दिसायला खोबऱ्याच्या कोशिंबिरीसारखं. ‘नो मीट’ म्हटलं की मासा चालतो असा समज होतो, आणि भाजीच्या रश्शातही माशाचं पाणी पडलेलं असू शकतं. म्हणून ‘नो फिश, नो ट्यूना, नो फिश स्टॉक’ असं तिन्ही सांगा. वरण आणि रोशी ही त्यांची पोळी सहसा मिळते. खरा धोका वेगळाच आहे: इन्सुलिन घेतलं आणि खायला काही मिळालं नाही तर साखर घसरते. वाळूच्या उघड्या पट्ट्यावरच्या सहलीत हे हमखास घडतं, कारण डब्यात तळलेला मासा आणि भात असतो. चिक्की, खाकरा, राजगिऱ्याचे लाडू आणि पाणी लागणार नाही अशा पिशवीत ग्लुकोजची पावडर जवळ ठेवा. थरथर, घाम, गोंधळल्यासारखं बोलणं दिसलं की तीन चमचे ग्लुकोज पाण्यातून द्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा साखर तपासा.

आईंच्या पावलांकडे रोज संध्याकाळी तुम्ही स्वतः बघा. मधुमेहात तळव्याची जाणीव कमी होते. तापलेली वाळू किंवा प्रवाळाचा ओरखडा कळतही नाही आणि तो चिघळतो. पाण्यातही जाड रबरी तळाचे बूट, बाहेरही. ओरखडा आला तर भरपूर गोड्या पाण्यानं धुऊन आतले बारीक कण काढा. दगडमासा (दगडासारखा दिसणारा, विषारी काट्यांचा मासा) टोचला तर असह्य कळा येतात. सोसेल इतक्या गरम, साधारण 45 अंशांच्या पाण्यात तो भाग 30 ते 90 मिनिटं बुडवून ठेवायचा आणि आरोग्य केंद्र गाठायचं. पाणी किती गरम आहे हे मात्र तुमच्या हातानं बघा, आईंच्या पायानं नाही.

शार्कचं थोडक्यात सांगतो. 2010 पासून मालदीवमध्ये शार्क पकडायला बंदी आहे, त्यामुळे उथळ पाण्यात हातभर लांबीची काळ्या टोकाच्या पंखाची पिल्लं फिरताना दिसतील. ती तुम्हालाच घाबरतात. मासे टाकून नर्स शार्क गोळा करतात त्या सहलीला मात्र जाऊ नका. ते चोखून खातात आणि हाताला माशाचा वास लागला तर हातही धरतात. त्सुनामीचं म्हणाल तर 26 डिसेंबर 2004 ला मालदीवमध्ये 80 हून अधिक माणसं गेली, हे खरं आहे. पण पाळायचे नियम सोपे आहेत: जमीन जोरात हलली किंवा पाणी अचानक मागे हटून प्रवाळ उघडे पडले तर बघायला थांबू नका, पक्क्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर जा. खोली घेतानाच जिना कुठे आहे ते मुलीला दाखवून ठेवा.

मलेरिया तिथे नाही, 2015 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तसं प्रमाणपत्र दिलं. डेंग्यू आहे, आणि त्याचे डास दिवसा चावतात. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल. आयबुप्रोफेन, अॅस्पिरिन नको. आई हृदयासाठी आधीपासून अॅस्पिरिन घेत असतील तर ती परस्पर थांबवू नका, डॉक्टरांना विचारा.

माफुशीवर आरोग्य केंद्र आहे, मोठं रुग्णालय नाही. हृदयविकार, पक्षाघात, मोडलेलं हाड यांसाठी राजधानी मालेला इंदिरा गांधी स्मारक रुग्णालय किंवा एखादं खासगी रुग्णालय गाठावं लागतं, म्हणजे पुन्हा बोट. त्यामुळे प्रवास विमा घेताना आईंचा मधुमेह आणि रक्तदाब अर्जात लिहा. लपवलात तर दावा नाकारतात. आधीचे आजार किती रकमेपर्यंत, बोट किंवा सीप्लेननं हलवण्याचा खर्च आणि स्नॉर्केलिंग यात येतं का, हे लेखी घ्या. मोबाइलमध्ये आणि कागदावरही लिहून ठेवा: पोलीस 119, रुग्णवाहिका 102, तटरक्षक 191. गेस्ट हाउस मालकाचा नंबर त्यांच्या वर, कारण रात्री बोट तोच मिळवून देईल.

कागदपत्रांत भारतीयांना व्हिसा विमानतळावर मोफत मिळतो. आय-मुगा नावाचा ऑनलाइन फॉर्म जाताना आणि येताना दोन्ही वेळा, विमानाच्या आधीच्या 96 तासांत भरायचा असतो. तो विनामूल्य आहे, पैसे मागणारी साइट बनावट समजा. दारू, डुकराच्या मांसाचे पदार्थ, व्हेप (ई-सिगारेट) आणि पूजेच्या मूर्ती आत नेता येत नाहीत. आईंना रोजच्या पूजेची छोटी मूर्ती बरोबर ठेवायची सवय असेल तर हे त्यांना आत्ताच, नीट समजावून सांगा. विमानतळावर त्यांच्या हातून देव काढून घेतला जाणं त्यांना फार लागेल. माफुशी हे लोकवस्तीचं बेट आहे, पोहण्याचे कपडे पर्यटकांसाठी राखलेल्या किनाऱ्यावरच, गावात खांदे-गुडघे झाकलेले.

मुलीला मात्र निघायच्या आदल्या रात्री नाही, पहिल्याच दिवशी सांगा की शिंपले आणि पांढरे प्रवाळाचे तुकडे गोळा करून खेळायचं आणि तिथेच ठेवायचं. प्रवाळ देशाबाहेर नेणं तिथे गुन्हा आहे, आणि एक्स-रेमध्ये तो तुकडा लगेच दिसतो. परतीची बॅग भरताना तिच्या बुटांच्या आत आणि रंगपेटीत एकदा हात घालून बघा.